त्रिरश्मी लेण्यांतील दानलेख आणि आपली पावती

विहारासाठी वर्गणी मागायला गेले की दोन प्रश्न हमखास येतात. "पावती मिळेल ना?" आणि "या पावतीवर टॅक्स वाचतो का?" काहींना हे प्रश्न दानाला कमीपणा आणणारे वाटतात. आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या नाशिकमध्ये हे प्रश्न फार जुने आहेत.

पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी पर्वतावरील बुद्धलेणी, आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने ३००० कार्षापण संघासाठी दिले आणि ते गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. यालाच 'अक्षयनीवी' म्हणतात. हिशेब करून बघा: २००० चे वर्षाचे व्याज २४०, वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. एक नाणे इकडचे तिकडे नाही! हे दान निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवले, असेही तो लेख सांगतो.

करमाफीचा दाखला ३ क्रमांकाच्या लेण्यात आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी भिक्खूंना २०० निवर्तने शेत दिले. त्यात राजाच्या माणसांनी शिरू नये, मीठ खणू नये, असे 'परिहार' दगडात कोरले. पुढे गाव ओस पडले, शेत पडीक राहिले. तेव्हा २४ व्या वर्षी बदली १०० निवर्तने दिली. नंतरच्या आभीर काळात विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी श्रेणींकडे अशीच ठेव ठेवली.

आज परिहाराच्या जागी कायदा आला. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-जी कलम सर्वांना माहीत झाले. त्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही दानाची सवलत आहे. पण धर्मादाय कार्यालयातील नोंदणी वेगळी आणि ही मान्यता वेगळी. निव्वळ धार्मिक कामासाठी, किंवा एकाच धर्माच्या वा जातीच्या लोकांसाठी असलेल्या संस्थेला ती मिळत नाही. मात्र अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला व बालके यांच्यासाठीची संस्था कायदा जातीपुरती मानीत नाही. म्हणून अभ्यासिका, वाचनालय, दवाखाना यांचे महत्त्व. साधारणपणे दानाच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही ठरावीक मर्यादेत. २००० रुपयांवरच्या रोख दानाला सवलत नाही. नवी करपद्धती घेणाऱ्यालाही ती नाही.

आता मोबाईलवरून दान येते. बँक खात्यातून यूपीआयने दिल्यास २०२० पासून संस्थेला आकार पडत नाही. क्रेडिट कार्डावर मात्र मधली कंपनी आपला आकार कापते, त्यावर जीएसटीही लागू शकतो. दात्याने हजार दिले तर पावती हजाराचीच फाडावी. कापलेली रक्कम संस्थेच्या खर्चात दाखवावी. नाहीतर दात्याचे दान आणि आपली वही जुळायची नाही.

मोलमजुरी करणाऱ्या मायमाऊलीच्या १० रुपयांवर टॅक्सचा प्रश्नच येत नाही. पण त्या १० रुपयांचीही पावती फाटली पाहिजे आणि वर्षाचा हिशेब सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे. उषवदाताचे दान निगमसभेत वाचले गेले. आपले विहाराच्या सभेत वाचले जावे.

जय भीम!