पुटाणी एक्स्प्रेस

माझ्या पिढीत बंगळुरात वाढलेल्या माणसाला पुटाणी एक्स्प्रेस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कब्बन पार्कातल्या जवाहर बालभवनातली ती मुलांची छोटी आगगाडी. रविवारी रांग लावायची, तिकीट काढायचं, डब्यात दाटीवाटीनं बसायचं आणि झाडांमधून एक फेरी मारून जिथून निघालो तिथंच उतरायचं. पुढच्या काळात ही गाडी कितीदा तरी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मागे एकदा मी मुद्दाम गेलो, तो नेमका ती बंद असलेल्या दिवसांत. रुळांवर पानांचा थर साचला होता. तिथं उभा राहिलो तेव्हा गाडीपेक्षा अप्पांची आठवण जास्त आली.

आम्ही बेळगावचे. 1978 साली अप्पांची बदली बंगळूरला झाली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आज्जाला ही बदली रुचली नव्हती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. दर वर्षी त्या तारखेला आज्जा दंडाला काळी फीत लावून फेरीला जायचा. 1966 साली महाजन आयोग नेमला गेला. बेळगाव म्हैसूरकडेच राहावं, असा त्याचा अहवाल पुढच्या वर्षी आला आणि महाराष्ट्रानं तो नाकारला. ही सगळी उजळणी आमच्या घरात जेवताना होत असे. अप्पा मोर्च्यांत फारसे गेले नाहीत, पण त्यांचा एक नेम होता. कन्नडमध्ये कुणी बोललं की ते इंग्रजीत उत्तर देत आणि वर सांगत, "मला कन्नड येत नाही."

अप्पांच्या लहानपणीही एक छोटी आगगाडी होती. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्कात 8 एप्रिल 1956 रोजी फुलराणी सुरू झाली. त्याच मे महिन्याच्या सुटीत बारा वर्षांचे अप्पा पुण्याला मामाकडे गेले आणि फुलराणीत दोनदा बसले. पुण्याच्या मुलांना ती रोजची होती, बेळगावहून आलेल्या मुलाला ती वर्षभर पुरली. ते सुटीहून परतले आणि नोव्हेंबरात शाळेतला नकाशा बदलला. अप्पांच्या सांगण्यात या दोन गोष्टी नेहमी एकामागोमाग येत. पुणे आपलं होतं याची आठवण म्हणजे त्यांच्यासाठी फुलराणी.

त्या काळात मुलांसाठी सार्वजनिक पैशातून असं काहीतरी उभारायची मोठी हौस होती. दिल्लीचं राष्ट्रीय बालभवन नेहरूंच्या पुढाकारानं 1956 सालीच सुरू झालं. पुढे गावोगावी बालभवनं निघाली, बागांमध्ये रूळ पडले. या गाड्यांत भीती वाटावी असं काही नव्हतं. आज बंगळूरची मुलं म्हैसूर रस्त्यावरच्या वंडरलात जाऊन उलटी टांगून घेतात. 2005 साली ते उघडलं. माझ्या मुलीलाही तेच आवडतं. आमच्या गाडीचं सुख वेगळं होतं. खरी आगगाडी मुलाच्या मापाची केलेली, आणि शेजारी वाट्टेल त्या भाषेचं पोर बसलेलं.

आम्ही बंगळूरला आलो त्याच वर्षाची गोष्ट. मी अप्पांचं बोट धरून बालभवनाच्या रांगेत उभा होतो. अप्पांनी गाडीवरची कन्नड पाटी वाचली आणि हसले. मला म्हणाले, "पुटाणी म्हणे! डाळ्यांची गाडी काय रे ही? आत डाळं विकतात की काय?"

आमच्या मागे एक बाई मुलाला घेऊन उभ्या होत्या. त्यांना मराठी कळलं नसावं, पण "पुटाणी" आणि अप्पांचं हसणं एवढ्यावरून त्यांना अंदाज आला. त्यांनी इंग्रजीत समजावलं, पुटाणी म्हणजे चिमुकली मुलं. तुम्ही म्हणता त्या डाळ्याला इथं हुरिगडले म्हणतात. मग कन्नडमध्ये विचारलं, "नीवु धारवाड कडॆयवरा?" तुम्ही धारवाडकडचे का?

अप्पा क्षणभर गप्प राहिले. "बेळगाव," म्हणाले. मग खिडकीशी वळून तिकीटवाल्याला म्हणाले, "ऎरडु टिकेट कोडि."

दोन तिकिटं द्या. एवढंच. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. कितीतरी वर्षांनी कळलं. ज्याला कन्नड येत नाही त्याला ती पाटी वाचता आली नसती. आणि वाचली असती तरी "पुटाणी" म्हणजे भाजलेली चण्याची डाळ हा अर्थ डोक्यात आला नसता, कारण तो उत्तर कर्नाटकातला अर्थ आहे. बेळगावच्या बाजारात दुकानदारांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो कानात बसत नाही. आपले फुटाणे आणि त्यांची पुटाणी हे शब्द तर एकाच घरातले वाटतात. जी भाषा येत नाही म्हणून अप्पा सांगत, तिच्यातल्या एका शब्दाला ते बेळगावकर म्हणून हसले होते.

त्यानंतर अप्पा सरसकट कन्नड बोलू लागले असं नाही. शाळेत 1 नोव्हेंबरला राज्योत्सवाच्या नाचात मी असायचो, तेव्हा ते बघायला येत आणि शेवटच्या रांगेत बसत. त्याच दिवशी बेळगावात आज्जाच्या दंडावर काळी फीत असायची. दोघांनी एकमेकांना याबद्दल कधी विचारलं नाही. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तोवर आज्जा राहिला नव्हता. 2014 साली 1 नोव्हेंबरलाच बंगळूरचं बेंगळुरू आणि बेळगावचं बेळगावी झालं. त्या दिवशीचं वर्तमानपत्र अप्पांनी दोनदा वाचलं आणि घडी करून ठेवलं.

अप्पा गेल्यावर बेळगावच्या घरातली ट्रंक उघडली. आज्जानं सगळी पत्रं जपून ठेवली होती. त्यात 1978 सालचं एक अंतर्देशीय पत्र होतं. हवा मानवली, पाणी गोड आहे, घरभाडं जास्त आहे, असं लिहून शेवटी अप्पांनी लिहिलं होतं, "इथंही फुलराणीसारखी एक गाडी आहे. पोराला बसवून आणलं. मीही बसलो."

गाडीचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं.