आज्ञाधारक विद्यार्थी आणि संस्थेचा कारभार

महाविद्यालयातील विद्यार्थ्याने प्राचार्यांकडे करावयाच्या अर्जाचा शेवट 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' या शब्दांनी करावा, असा आपल्याकडील जुना प्रघात आहे. शाळेत पत्रलेखन शिकवितानाच ही सही मुलाच्या अंगवळणी पाडली जाते. पुढे तिच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाला अशा निर्जीव झालेल्या वाक्प्रयोगांतच संस्थांचा इतिहास सापडतो. आज्ञा कोणाची, ती देण्याचा अधिकार त्याला कोठून आला आणि ती पाळणाऱ्याला तिच्यासंबंधी काही बोलण्याची मुभा होती काय, हे तीन प्रश्न विचारले की महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाचे खरे स्वरूप उघड होऊ लागते.

व्यवस्थापनाचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम सामान्यतः शिस्तीच्या कडकपणावरून किंवा परीक्षांच्या निकालांवरून मोजला जातो. प्रस्तुत लेखात निराळी कसोटी लावली आहे. संस्था चालविणाऱ्यांनी आपल्या कारभाराचा कोणता भाग विद्यार्थ्यांच्या हाती ठेवला आणि कोणता त्यांच्यापासून दूर ठेवला, एवढेच येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील तीन संस्था निवडल्या आहेत : पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, साताऱ्याची रयत शिक्षण संस्था आणि मुंबईची पीपल्स एज्युकेशन सोसायटी. तिन्ही संस्था ध्येयवादी होत्या. त्यामुळे त्यांच्यातील भेद हेतूंच्या शुद्धतेचा नसून कारभाराच्या रचनेचा आहे.

१

१८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर व वामन शिवराम आपटे लौकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सरकारी महाविद्यालयात प्राचार्याची नेमणूक शिक्षणखाते करी, मिशनऱ्यांच्या महाविद्यालयात ती मिशन करी. येथे मात्र शिकविणारे हेच चालक होते. वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याचे वचन देणाऱ्या अध्यापकाला 'लाइफ मेंबर' म्हणजे 'आजीव सभासद' करून घेतले जाई, आणि संस्थेचा अंतर्गत कारभार या सभासदांच्या मंडळाकडे असे. बाहेरच्या प्रतिष्ठित गृहस्थांची कौन्सिल वर होती. पण दैनंदिन निर्णय अध्यापकांच्या बहुमताने होत.

यातील 'सभासद' हा शब्द महत्त्वाचा आहे. सभासद म्हणजे सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा ज्याला हक्क आहे तो. या हक्काचा कस फार लवकर लागला. आजीव सभासदाने बाहेर अर्थार्जन करावे की नाही, त्याचा सर्व वेळ संस्थेचा मानावा की नाही, या प्रश्नांवर टिळकांचे सहकाऱ्यांशी मतभेद वाढत गेले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्याचे निमित्त झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी विस्तृत कारणमीमांसा करणारे पत्र लिहून राजीनामा दिला. त्यांच्या जागी गणित शिकविण्यासाठी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

हा कलह विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत घडत होता. 'केसरी' आणि 'सुधारक' यांतून गुरुजन एकमेकांशी वाद घालीत होते, आणि त्यांतील कोणीही अधिक पगाराच्या नोकरीसाठी वाद घालीत नव्हता. मतभेद झाला तर तो लेखी मांडावा, मतास टाकावा, आणि पटले नाही तर पद सोडावे, हा पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. तो संस्थेच्या कारभारात होता. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा अल्प वेतनावर आजन्म सेवेची शपथ घेणाऱ्या सभासदांची जी कल्पना त्यांनी अंगीकारली, तिचे मूळ फर्ग्युसनच्या या मंडळात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ही लोकसत्ता अध्यापकांच्या मेजापाशी थांबत होती. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये वंगभंगाच्या चळवळीत पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तिच्या पुढाकाऱ्यांत फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर होते. त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. प्राचार्य होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे : केंब्रिजचे सीनियर रँग्लर, सरकारी नोकरीचा मोह टाळून १९०२ मध्ये संस्थेच्या अल्प वेतनावर रुजू झालेले, आणि विचाराने कट्टर बुद्धिवादी. त्यांच्यावर स्वार्थाचा किंवा भीरुत्वाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. त्याच महिन्यात बंगाल सरकारने चळवळीत पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांचे अनुदान काढून घेण्याची धमकी देणारे परिपत्रक काढले होते, आणि १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारनेही त्याच स्वरूपाचे धोरण जाहीर केले. यावरून कोणत्याही अनुदानित संस्थेच्या चालकांभोवतीचे वातावरण कसे होते ते कळते. शिवाय विद्यार्थ्याने राजकारणापासून दूर राहावे, हे नेमस्तांपैकी अनेकांचे प्रामाणिक मत होते. टिळकांनी 'केसरी'तून या शिक्षेवर कडक टीका केली.

दंड योग्य होता की अयोग्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. आपल्या दृष्टीने विचारार्ह गोष्ट ही की, पंधरा वर्षांपूर्वी ज्या संस्थेत एका सभासदाला आपला विरोध सविस्तर लिहून ठेवता आला, त्याच संस्थेत विद्यार्थ्याचे म्हणणे मांडण्याची जागा कारभाराच्या रचनेतच नव्हती. गुरूंकडून स्वातंत्र्याचा धडा घेतलेल्या विद्यार्थ्याला तो गिरविण्यासाठी महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेर जावे लागले.

२

भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. येथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा वसतिगृहातील 'कमवा आणि शिका' हे तत्त्व महाविद्यालयात आले.

फर्ग्युसनमध्ये त्याग गुरूचा होता आणि शिष्य त्याचा साक्षी होता. साताऱ्यात शिष्यही कष्टाचा भागीदार झाला. ज्याच्या घरात अक्षरओळख नव्हती अशा शेतकऱ्याच्या मुलाला आपले शिक्षण कोणाचे उपकार नसून आपल्या श्रमाचे फळ आहे असे म्हणता येऊ लागले. हा परिणाम निकालपत्रात दिसत नाही. तो माणसाच्या चालण्याबोलण्यात दिसतो.

तथापि या संस्थेच्या भाषेकडेही पाहिले पाहिजे. भाऊरावांना सर्वजण 'अण्णा' म्हणत. हे संबोधन आपल्याकडे वडील भावाचे किंवा वडिलांचे आहे. तेथील पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी 'आजीव सेवक' हा शब्द रूढ झाला. 'सभासद' जाऊन 'सेवक' आला, म्हणजे मताच्या हक्कापेक्षा कामाच्या कर्तव्यावर भर पडला. कुटुंब म्हणून चालणाऱ्या संस्थेत प्रेम अमर्याद असते, आणि वडीलधाऱ्याचा अधिकारही तितकाच अमर्याद असतो. अण्णांपाशी हट्ट धरता येतो, अण्णांविरुद्ध अर्ज करता येत नाही. कुटुंबप्रमुख भाऊरावांसारखा असेल तोवर ही उणीव जाणवत नाही. पण १९५९ मध्ये भाऊराव निवर्तले, आणि कुटुंबाचा हा आदर्श पुढे ज्या असंख्य ग्रामीण संस्थांनी उचलला, त्या सर्वांना भाऊराव लाभणे शक्य नव्हते.

३

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तेव्हा महाविद्यालयाचा कारभार त्यांनी आतून पाहिलेला होता. सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक होते. १९३५ पासून काही वर्षे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरविण्यात आले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे हा हेतू होता. वेळापत्रक ही वरवर क्षुल्लक बाब दिसते. परंतु विद्यार्थ्याने संस्थेच्या सोयीने यावयाचे की संस्थेने विद्यार्थ्याच्या सोयीने उघडावयाचे, हा व्यवस्थापनाच्या तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि सिद्धार्थने त्याचे उत्तर घड्याळाने दिले.

दुसरी गोष्ट तेथील विद्यार्थी-संसदेची. संसदीय रीतीने प्रस्ताव मांडावयाचा, विरोधी पक्षाने त्याचे खंडन करावयाचे, अध्यक्षाचा निर्णय मानावयाचा, याचा सराव विद्यार्थ्यांना तेथे मिळे. संविधान-निर्मितीच्या त्या वर्षांत आंबेडकरांना हा केवळ वक्तृत्वाचा खेळ वाटला नसावा.

१९५० मध्ये औरंगाबादेस निघालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. राजा मिलिंद व भिक्षू नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांवरून घेतलेल्या या नावात प्रश्न विचारणाऱ्याला मान आहे. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते रंगभूमीवर आणले. १९६० नंतरच्या दशकात दलित साहित्याची जी चळवळ उभी राहिली, तिच्यात नागसेनवनाचा वाटा मोठा आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बोलण्याची बंदी होती, त्यांना बोलणे हाच अभ्यासक्रमाचा भाग करून देणारी ही व्यवस्था होती.

४

तिन्ही उदाहरणे एकत्र ठेवली की एक सूत्र दिसते. संस्थेने विद्यार्थ्याला जे सांगितले त्यापेक्षा जे करू दिले ते टिकले. फर्ग्युसनने त्याला पाहू दिले, साताऱ्याने राबू दिले, सिद्धार्थ व मिलिंद यांनी बोलू दिले. ज्या ठिकाणी यांपैकी एक गोष्ट नव्हती, तेथील उणीवही विद्यार्थ्यांच्या आयुष्यात उतरली.

पुढील काळात परिस्थिती पालटली. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि मराठीत 'संस्थाचालक' हा शब्द एका वर्गाचे नाव बनला. 'शिक्षणसम्राट' हा उपरोधही त्याच काळात रुळला. सभासद, सेवक, चालक, सम्राट ही शब्दांची उतरंड बोलकी आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी-प्रतिनिधींच्या थेट निवडणुकीची जागा गुणवत्तेवर आधारलेल्या नियुक्तीला दिली. निवडणुकांतील हिंसाचार हे त्याचे कारण खोटे नव्हते. पण उपाय असा निघाला की परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी, कोणाचेही मत न मागता, सर्वांचा प्रतिनिधी ठरला. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा करण्यात आली. मात्र मधल्या दोन दशकांत ज्यांनी शिक्षण घेतले, त्यांतील पुष्कळजण आज आपल्या विभागांत अध्यापक आहेत. मत मागणे, मत देणे आणि हरल्यावरही सभेत बसून राहणे यांचा अनुभव त्यांना विद्यार्थिदशेत मिळाला नाही. अभ्यासमंडळांच्या बैठकांत आढळणारे मौन कित्येकदा संमतीचे नसते, सवयीचे असते, हे त्या बैठकांना बसणाऱ्यांना सांगावयास नको.

व्यवस्थापनाच्या परिणामांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी यास्तव केवळ संस्थांची घटनापत्रके व अहवाल पाहून थांबू नये. वसतिगृहांचे नियम, शिक्षेच्या नोंदी, वेळापत्रके, संमेलनांच्या पत्रिका आणि विद्यार्थ्यांचे जुने अर्ज हीही इतिहासाची साधने आहेत. त्या अर्जांखालील 'आज्ञाधारक' या शब्दाच्या वर, मधल्या चार ओळींत, विद्यार्थ्याने काय मागितले होते आणि समासात प्राचार्यांनी काय शेरा मारला होता, तेथून या विषयाच्या संशोधनाला खरा प्रारंभ करता येईल.