मगन चूल : आपल्याच प्रांतात जन्मलेली बिनधुराची चूल

गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे महालक्ष्म्या येतात आणि घरातल्या बायकांचा दिवस पहाटे चुलीपाशी सुरू होतो. पुरण, आंबील, सोळा भाज्या, वडे असा मोठा स्वयंपाक असतो. घरात गॅस आला तरी एवढे रांधायचे म्हटले की मागच्या पडवीत किंवा अंगणात चूल पेटतेच. रोडगे तर गोवऱ्यांच्या विस्तवाशिवाय होतच नाहीत. खेड्यांतल्या पुष्कळ घरांत सण नसतानाही रोजचे अंघोळीचे पाणी, भाकरी आणि डाळ चुलीवरच होते. नैवेद्याच्या ताटाचे कौतुक आपण सगळेच करतो. ते ताट ज्या धुरात तयार होते, त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही बिनधुराच्या चुलीचा इतिहास निवडला आहे. या इतिहासाचा एक मोठा धागा आपल्या अगदी शेजारून, वर्ध्यातून, निघतो.

शेजारून हा शब्दही तसा अपुराच आहे. पांढुर्णा आणि सौसर हे तालुके ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्याआधीचा मोठा बदल १ नोव्हेंबर १९५६ चा. त्या दिवसापर्यंत छिंदवाडा, नागपूर आणि वर्धा हे जिल्हे एकाच राज्यात होते आणि नागपूर ही आपली राजधानी होती. राज्याची सीमा नंतर पडली. सोयरिकी, कापसाचा बाजार आणि दवाखाना यांसाठी आपली वाट नागपूरकडेच राहिली. तेव्हा १९४७ साली वर्ध्यात जी चूल तयार झाली, ती आपल्याच प्रांतातली होती.

मगनवाडीचे काम

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्यासाठी जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग दिली. महात्मा गांधींचे निकटचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते. त्यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम इथेच होता. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत. ते परदेशात शिकलेले हिशेबतपासनीस आणि अर्थशास्त्री होते, पण त्यांनी बुद्धी लावली ती तेलाचा घाणा, हातकागद, जाते, मधमाशा आणि गूळ या गोष्टींना.

मगनवाडीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाई : खेड्यातल्या माणसाजवळ जे आहे, त्यातूनच त्याचे काम सोपे कसे होईल? रॉकेल बाहेरून विकत आणावे लागते, म्हणून वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप तिथे तयार झाला. त्याच विचारातून पुढे मगन चूल आली. माती, शेण, भुसा या घरच्याच वस्तूंनी बांधायची, ओळीने भांडी ठेवण्याच्या जागा आणि शेवटी छपरातून बाहेर जाणारे धुराडे अशी तिची रचना होती. पुढच्या भांड्याखाली विस्तव असतो. त्याची धग आतल्या बोगद्यातून मागच्या भांड्यांखाली जाते आणि उरलेला धूर धुराड्यातून घराबाहेर पडतो.

ही कल्पना आपल्या आज्या-पणज्यांना अगदी नवी वाटली नसती. मराठी घरातल्या चुलीला वैल असतोच. चुलीवर भाकरी आणि वैलावर वरण किंवा पाणी, म्हणजे एकाच लाकडाच्या धगीचा दोनदा उपयोग. मगन चुलीने ही जुनी शहाणीव पुढे नेली आणि तिला धुराडे जोडले.

वर्ध्याच्या पुढे

पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर काम केले आणि १९५३ साली त्यावर पुस्तिका लिहिली. स्वयंपाकघर निर्धूर झाले की बाईचे डोळे, भिंती, भांडी आणि सरपण असे सगळेच वाचते, हा त्या कामाचा सांगावा होता. १९८० च्या सुमारास चंदीगडजवळच्या नाडा गावात मधु सरीन यांनी बायकांनाच चूल बांधणाऱ्या मिस्त्री केले. घरातली भांडी किती मोठी, बाई बसून रांधते की उभ्याने, जळण कोणते, हे पाहून त्या चूल बांधत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'अस्त्र' या विभागाने तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' तयार केली. कानडीत ओले म्हणजे चूल. आपल्याकडे ओल्या लाकडाने चुलीचा जीव जातो, हा निव्वळ योगायोग!

त्याच काळात धुराचे मोजमापही झाले. १९८१ साली गुजरातेतल्या खेड्यांत कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर रांधणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा तपासण्याची उपकरणे लावली. तोवर हवेचे प्रदूषण म्हटले की गिरण्या आणि मोटारी डोळ्यांसमोर येत. चुलीपुढे बसलेली बाई शहरातल्या रस्त्यापेक्षा कितीतरी वाईट हवा श्वासात घेते, हे या मोजमापाने आकड्यांत दाखवले.

सरकारी कार्यक्रम आणि त्याचा धडा

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. अनुदान होते, प्रशिक्षण होते आणि राज्या-राज्यांना उद्दिष्टे होती. २००२ साली हा कार्यक्रम केंद्राने बंद केला, तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद झाली होती. मग आज त्या चुली कुठे आहेत?

सरकारी खात्यात नोकरी करणाऱ्यांना उद्दिष्ट या शब्दाचे वजन सांगावे लागत नाही. चूल बसली की नोंद होते. ती दोन पावसाळ्यांनंतर पेटते आहे का, याचा रकाना नोंदवहीत नसतो. पुष्कळ ठिकाणी चुलीचे तोंड घरच्या गंजापेक्षा लहान निघाले. कुठे धुराड्याच्या भोकातून कवेलूच्या छपरात पाणी गळू लागले. काजळीने धुराडे तुंबले की धूर उलटा घरात येतो. मग घरातली बाई ती चूल फोडून जुनी मांडते, आणि तिचे काही चुकत नाही.

अभ्यासकांनाही हेच दिसले. ओडिशातल्या खेड्यांत सुधारित चुली दिलेल्या घरांची चार वर्षे पाहणी झाली. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढे चुलींची निगा राहिली नाही, वापर घटला आणि फायदाही नाहीसा झाला. चीनमध्ये मात्र १९८० च्या दशकात सुरू झालेल्या कार्यक्रमातून दहा वर्षांत बारा कोटींहून अधिक चुली बसल्या. तिथे चुलीचा बहुतेक खर्च घरानेच केला होता आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळपास सापडत होता.

महाराष्ट्रातही याला जोड मिळेल असा अनुभव आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने चुलीचे साचे तयार केले आणि ते खेड्यातल्या कुंभारांच्या हाती दिले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव. संस्थेची दोन भांड्यांची, धुराड्याची लक्ष्मी चूल पुष्कळांना माहीत आहे. साच्यामुळे प्रत्येक चुलीचे माप सारखे येते आणि कुंभाराला बारमाही विकता येईल असा माल मिळतो. अनुदान थांबल्यावरही काही कुंभारांचा हा धंदा चालू राहिला, कारण चूल विकली तरच त्यांचे घर चालणार होते. फुटलेली चूल बदलून द्यायला गावातच माणूस असणे ही साधी गोष्ट आहे, पण तीन कोटींच्या हिशेबात तीच सुटली होती.

धूर म्हणजे न जळलेले सरपण

बिनधुराच्या चुलीचे फायदे समजायला एक गोष्ट पुरते. धूर म्हणजे पुरते न जळलेले लाकूड. पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली तर तोच धूर ज्वाळेत जळून जातो आणि त्याची उष्णता भांड्याला मिळते. तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी साधारण दहावा हिस्साच भांड्यापर्यंत पोहोचतो. सरकारी कार्यक्रमात बांधीव सुधारित चुलीसाठी किमान २० टक्क्यांची अट होती. घरात हा फरक अगदी प्रयोगशाळेएवढा दिसत नाही, तरी सरपणाचा भारा नक्की हलका होतो. भांडी कमी काळी होतात, भिंती आणि आढे काजळत नाहीत. विस्तव बंदिस्त असल्याने पदर किंवा लहान मूल भाजण्याची भीतीही कमी होते.

सर्वांत मोठा लाभ छातीचा आणि डोळ्यांचा. धुरातले बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड यांमुळे जुना खोकला, दमा, हृदयविकार आणि लहान मुलांचा न्यूमोनिया वाढतो. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या घरांतली म्हातारी माणसे फुंकणी हातात घेऊन खोकत, तेव्हा आपण तो वयाचा खोकला समजत होतो.

आपल्या भागातले सरपणही लक्षात घेतले पाहिजे. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या भरभर जळतात, सतत सारत राहावे लागते आणि बाई चुलीपुढून उठू शकत नाही. संत्र्याच्या बागेतली वाळलेली सल बरी, पण ती पावसात भिजली की धुराचा लोट उठतो. गोवरीचा धूर तर सर्वांत दाट. चूल कितीही चांगली असली तरी ओल्या सरपणाने ती धुरकटतेच.

गॅस आला, तरीही

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यांतल्या घरोघरी सिलिंडर पोहोचले. गॅससारखे स्वच्छ जळण दुसरे नाही आणि ज्या घराला तो परवडतो, त्याने तोच वापरावा, असे आम्ही आग्रहाने म्हणू. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातली सुमारे ४० टक्केच घरे स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरताना आढळली. अनेक घरांत चहा आणि भाजी गॅसवर, पाणी आणि भाकरी चुलीवर अशी वाटणी आहे. भरलेले सिलिंडर महागते, पऱ्हाटी मात्र शेतात फुकट पडलेली असते. जोवर हा हिशेब असा आहे, तोवर चूल विझणार नाही. ती विझणार नसेल, तर निदान ती चांगली असावी.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. चूल बांधताना आधी घरातले सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान भांडे समोर ठेवून तोंडाचे माप घ्यावे, आणि ते माप रांधणाऱ्या बाईने सांगावे. धुराडे छपराच्या वर नीट निघावे, भोवतीची फट पावसाळ्याआधी बुजवावी आणि काजळी ठरावीक दिवसांनी काढावी. दर अमावास्येला काढायची असे ठरवले तर विसर पडत नाही. सरपण पावसाळ्यापूर्वी कोरड्या जागी रचून ठेवावे, बारीक फोडून जाळावे आणि चुलीत एकदम कोंबू नये. धुराडे नसलेली चूल असेल तर ती निदान उघड्या पडवीत ठेवावी आणि तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन तिच्यापुढे बसू नये.

धुराडे धूर घराबाहेर काढते, तो नाहीसा करत नाही. दाट वस्तीत एका घराचा धूर दुसऱ्याच्या खिडकीत शिरतो. म्हणून हे काम एकट्या घराचे न ठेवता गल्लीने आणि गावाने मिळून करण्यासारखे आहे. आपल्या मंडळाजवळ माणसे आहेत, कुंभारवाडे आपल्या ओळखीचे आहेत आणि पूर्वी जिथे हे काम झाले ते वर्धाही फार दूर नाही. पुढच्या वर्षभरात मंडळाच्या प्रत्येक सभासदाने आपल्या मूळ गावातली एक चूल नीट करून घेतली आणि ती पुढच्या गणपतीपर्यंत पेटते आहे का, हे जाऊन पाहिले, तर जुन्या नोंदवहीत राहून गेलेला रकाना आपल्या हातून भरला जाईल.