माखाच्या जुळ्यांचं टेकाड

आज आपण लांब जाणार आहोत, आयर्लंड बेटाच्या उत्तर भागात. तिथे आर्मा नावाचं शहर आहे. शहराबाहेर पश्चिमेला दोन-तीन किलोमीटरवर एक गवताळ टेकाड दिसतं. इंग्रजीत त्याला नॅव्हन फोर्ट म्हणतात. जुनं आयरिश नाव एविन माखा, म्हणजे माखाची जुळी. कथांमध्ये अल्स्टरच्या राजांची राजधानी इथेच. पण नाव कुणा राजाचं नाही, हे लक्षात घ्या.

कथा अशी. एका विधुर शेतकऱ्याच्या घरी एक अनोळखी बाई आली. एक शब्द न बोलता तिनं चूल फुलवली, पीठ मळलं, संध्याकाळी गाय दोहली आणि तिथेच राहिली. ती माखा. घराला बरकत आली. पुढे तिला दिवस गेले. नवरा जत्रेला निघाला तेव्हा तिनं बजावलं, माझ्याबद्दल तिथे बोलू नका. पण राजाचे घोडे शर्यत जिंकताना पाहून हा बोलून गेला, माझी बायको यांच्याहून जोरात पळते!

राजानं त्याला धरून ठेवलं आणि तिला बोलावलं. तिला कळा लागलेल्या. बाळंत होईपर्यंत थांबा, तुम्हालाही आईनंच जन्म दिलाय ना, असं ती जमलेल्या सगळ्यांना विनवत राहिली. एकानंही तोंड उघडलं नाही. ती धावली, घोड्यांच्या पुढे गेली, आणि शर्यत संपते तिथेच तिला मुलगा-मुलगी अशी जुळी झाली. मग तिनं शाप दिला. संकट अगदी दारात येईल तेव्हाच अल्स्टरच्या पुरुषांना बाळंतिणीच्या कळा येतील, पाच दिवस नि चार रात्री, नऊ पिढ्या.

आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शाप एकट्या राजाला नाही. गप्प बसून बघणाऱ्यांनाही आहे. पुढे राणी मेव्ह सैन्य घेऊन आली तेव्हा अल्स्टरचे वीर कण्हत पडले होते. लढायला उरला एकटा कुहुलिन नावाचा पोरगा.

ही झाली कथा. उत्खननात काय निघालं? टेकाडाभोवती चर आणि बांध आहे, पण चर आत नि बांध बाहेर. शत्रू अडवायचा असता तर उलट केलं असतं, म्हणून हा लढाईचा किल्ला नव्हे. टेकाडाच्या पोटात सुमारे 40 मीटर रुंदीच्या गोल लाकडी इमारतीच्या खुणा सापडल्या. मधल्या ओकच्या खांबातल्या कड्या मोजून कळलं, की झाड इ.स.पूर्व 95 च्या सुमारास तोडलेलं. लोकांनी ती इमारत दगडांनी भरली, मुद्दाम पेटवली, वर गवताची ढेकळं रचली. तेच हे टेकाड. एका माकडाची कवटीही मिळाली, थेट उत्तर आफ्रिकेतल्या जातीची!

शेजारीच चुनखडीची खाण होती. 1980 च्या दशकात ती आणखी वाढवायचं ठरत होतं. या वेळी मात्र लोक गप्प बसले नाहीत. विरोध झाला, 1985 मध्ये जाहीर चौकशी झाली आणि खाणीची वाढ थांबली. टेकाड शाबूत आहे, आणि कुणीही चढून माथ्यावर जाऊ शकतं.