लॅथ्रॉपच्या कारखान्यात मुले का होईनात?

1977 च्या उन्हाळ्यातली ही हकीकत. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॅथ्रॉप या लहानशा गावात ऑक्सिडेंटल कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. शेतीसाठी लागणारी कीटकनाशके बनवण्याच्या त्याच्या विभागात चाळीसएक माणसे काम करत. आपापसांत बोलताना या कामगारांच्या एक गोष्ट हळूहळू लक्षात येऊ लागली. या विभागात कामाला लागल्यापासून फारसा कोणाच्या घरी पाळणा हलत नव्हता.

माणसे धडधाकट होती. कोणाला ताप नाही, खोकला नाही, अशक्तपणा नाही. त्याच सुमारास कामगारांच्या आरोग्यावर माहितीपट करणारे दोन तरुण तेथे आले होते. त्यांच्या पुढाकाराने काही कामगारांनी वीर्याची तपासणी करून घेतली आणि निकाल पाहून सगळेच चक्रावले. मग कामगार संघटनेने डोनाल्ड व्होर्टन या डॉक्टरांना गाठले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विभागातल्या पुरुषांची रीतसर तपासणी केली. नसबंदी झालेले वगळता 25 जण उरले. त्यांपैकी 14 जणांच्या वीर्यात शुक्राणू एक तर मुळीच नव्हते किंवा फारच कमी होते. निरोगी पुरुषाच्या एक मिलिलिटर वीर्यात कोट्यवधी शुक्राणू असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. ज्यांची संख्या दहा लाखांच्याही खाली गेली होती, ते सगळे निदान तीन वर्षे तेथे काम केलेले होते. ज्यांची संख्या चांगली होती, ते नुकतेच लागलेले होते.

इतके नुकसान होऊनही त्या माणसांना स्वतःला काहीच कसे जाणवले नाही? याचे उत्तर वृषणाच्या रचनेत आहे. वृषण दोन कामे करते आणि ती वेगवेगळ्या पेशींकडे असतात. बारीक, वेटोळ्या नलिकांमध्ये शुक्राणू तयार होतात. नलिकांच्या मधल्या जागेतील पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनवतात. लॅथ्रॉपच्या कामगारांच्या नलिका ओस पडल्या होत्या, पण टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण नेहमीचेच होते. त्यामुळे दाढीमिशा, आवाज, ताकद, कामेच्छा यांत काही फरक नव्हता. वीर्यातही शुक्राणूंचा वाटा आकारमानाने इतका थोडा असतो की ते नाहीसे झाले तरी डोळ्यांना काही वेगळे दिसत नाही. रक्तात मात्र खूण सापडली. नलिकांचे काम नीट चालू असले की त्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला ‘आता पुरे’ असा निरोप पाठवतात. नलिका रिकाम्या झाल्या, निरोप थांबला आणि शुक्राणूनिर्मितीला उत्तेजन देणारे पीयूषिकेचे संप्रेरक वाढत गेले.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या भाषेत ‘वांझ’ हा शब्द बाईला, गाईला, जमिनीलाही लावतात, पुरुषाला मात्र सहसा कोणी लावत नाही. पुरुषासाठी जो शब्द वापरला जातो तो ‘नपुंसक’, आणि त्याचा अर्थ निराळाच आहे. शरीरसंबंधाची अक्षमता आणि शुक्राणूंचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात स्पष्ट सांगायला हवे असे आम्हाला वाटते. या घोटाळ्यामुळेच पुरुष तपासणीला जायला कचरतो आणि बायको मात्र दवाखान्यांचे उंबरठे झिजवत राहते. तपासणी म्हणाल तर एक नमुना आणि एक सूक्ष्मदर्शक, बस्स. निदान पक्के करण्यासाठी ती पुन्हा एकदा करतात.

आता लॅथ्रॉपकडे वळू. संशय होता तो डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, म्हणजे डीबीसीपी, या रसायनावर. प्रोपेनच्या रेणूतील तीन हायड्रोजनच्या जागी दोन ब्रोमीन आणि एक क्लोरीन बसवले की हे रसायन होते. मुळांना पोखरणाऱ्या सूत्रकृमींवर ते रामबाण ठरले. दुसरी अशी औषधे उभ्या पिकालाही मारत, हे मात्र द्राक्ष, केळी, अननस यांच्या उभ्या बागांत देता येई. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून डाऊ आणि शेल या कंपन्यांनी ते बाजारात आणले.

या हकीकतीतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. 1961 मध्ये या दोन्ही कंपन्यांसाठी झालेल्या प्रयोगांचा निबंध एका विषशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला होता. हवेच्या दहा लाख भागांत डीबीसीपीचे पाच भाग इतक्या कमी प्रमाणातही प्राण्यांची वृषणे आक्रसत, असे त्यात नोंदवलेले होते. लेखकांनी हे प्रमाण एका भागाच्या खाली ठेवावे अशी शिफारस केली. लॅथ्रॉपला 1977 मध्ये हवा मोजली तेव्हा प्रमाण सरासरी 0.4 भाग निघाले. म्हणजे शिफारस पाळली गेली होती आणि तरीही माणसे निर्बीज झाली होती! 1961 ते 1977 या सोळा वर्षांत कारखान्यातल्या पुरुषांचे शुक्राणू मोजून पाहावेत, असे कोणालाही सुचले नाही किंवा सुचूनही कोणी ते केले नाही.

पुढे तपासणी साऱ्या कारखान्यात झाली. डीबीसीपीशी संबंध आलेल्या 107 पुरुषांपैकी 14 जणांत शुक्राणू अजिबात नव्हते. संबंध न आलेल्या 35 जणांत असा एकच निघाला. हा दुसरा आकडा नसता तर पहिल्याला फारसा अर्थ उरला नसता. तुलनागट म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना सांगायला इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

अमेरिकन सरकारने 1978 मध्ये कारखान्यांतील हवेची मर्यादा अब्ज भागांत एक भाग अशी ठरवली, म्हणजे जुन्या शिफारशीच्या एक सहस्रांश. त्याआधी पीच उत्पादकांच्या एका राष्ट्रीय संघटनेच्या पदाधिकाऱ्याने सरकारला पत्र लिहून सुचवले होते की, ज्यांना आता मुले नकोत अशा वयस्कांना हे काम स्वेच्छेने करू द्यावे, काही जणांना तर नसबंदीऐवजी हाच मार्ग पसंत पडेल. पत्र गंभीरपणे लिहिलेले होते. 1979 मध्ये हवाईतील अननसाचे मळे वगळून सर्वत्र बंदी आली. हवाईतील सवलत 1985 मध्ये गेली.

पण माल देशाबाहेर जात राहिला. कोस्टारिकाच्या केळीच्या बागांत 1977 नंतरही हे औषध वापरले गेले आणि ते हाताळणारे मजूर मोठ्या संख्येने निर्बीज झाले. त्यांतल्या 82 मजुरांनी आणि त्यांच्या बायकांनी थेट अमेरिकेत, टेक्सास राज्यात, दावा लावला. बाहेरच्या देशातील मजुरांचे गाऱ्हाणे येथे का ऐकावे, असा कंपन्यांचा मुद्दा होता. 1990 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

गेलेले शुक्राणू परत येतात का? इस्रायलमध्ये डीबीसीपी बनवणाऱ्या 15 कामगारांवर डॉक्टरांनी 17 वर्षे लक्ष ठेवले. शुक्राणू पूर्ण नाहीसे झालेले त्यांत नऊ जण होते. काम सुटल्यावर तीन ते पावणेचार वर्षांत त्यांपैकी तिघांची संख्या सुधारली. त्यानंतर उरलेल्या सहा जणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.