माझा कॅक्टस कॅक्टस नव्हताच!

चार वर्षं ज्याला कॅक्टस म्हणून वाढवला, त्याने परवा हिसका दाखवला. कुंडी सरकवताना फांदी मोडली, पांढरा चीक बोटांना लागला आणि तोच हात डोळ्याला. मग धावपळ, पाणी, डॉक्टर! रविवार गेला, पण झाडाची ओळख पटली.

खऱ्या कॅक्टसमध्ये असा दुधाळ चीक सहसा नसतो. त्याचे काटे बारीक लवदार गादीतून निघतात. माझ्या झाडाला तीन धारा, जोडीजोडीने काटे आणि इवली पानं. म्हणजे युफोर्बिया ट्रायगोना, आपल्या त्रिधारी निवडुंगाचा आफ्रिकन चुलतभाऊ.

गंमत पुढेच आहे. कॅक्टसचं कुळ जवळजवळ सगळं अमेरिकेतलं. म्हणजे कोलंबसच्या आधी आपल्याकडे निवडुंग होता तो चीकवालाच. मागाहून अमेरिकेतला फड्या आला आणि काटे बघून लोकांनी त्यालाही तेच आडनाव लावलं.

ओळखीत साहेबही फसला. किरमिजी रंग देणारे किडे समजून १७९५ मध्ये ब्राझीलहून भारतात जे आणले, ते निघाले भलतेच. रंग राहिला बाजूला, त्यांनी फड्याचाच फडशा पाडला!

नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगात सापडली, असं सांगतात. तुकोबांची पालखी बघायला तिथे कितीदा गेलोय, पण 'कुठल्या निवडुंगात?' असं कधी मनात आलं नाही.

आता येतं. डोळा अजून चुरचुरतोय ना!