पानाचे उबदार घर

म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याने हुणसूर मागे पडले, की पिरियापट्टण तालुक्याची शिवारे लागतात आणि त्यांत मधूनच एक चमत्कारिक इमारत डोके वर काढते. उंची दुमजली घराची, पण आत मजला एकही नाही. खिडक्या नसल्यातच जमा. भिंतीच्या पायथ्याशी बाहेरच्या अंगाला भट्टीचे तोंड आणि भिंतीला लागून वर गेलेले धुराडे. शेजारी शेतकऱ्याचे राहते घर असते, बसके आणि कौलारू. त्या घरात ऊब देणारी गोष्ट एकच, न्हाणीघरातला पाणी तापवायचा हंडा. आपल्याकडच्या बंबाचा सख्खा भाऊ. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 850 मीटरवर असल्यामुळे उन्हाळा फारसा जाळत नाही आणि थंडी एका कांबळ्यात निभते. माणसांची घरे तापवण्याची वेळ इथे कधी आलीच नाही. भट्टी, धूरनळ्या, झडपा, थर्मामीटर असा सगळा सरंजाम असलेली घरे या तालुक्यात हजारोंनी आहेत, पण ती तंबाखूच्या पानासाठी बांधलेली. शेतकरी त्यांना ‘बॅरन’ म्हणतात.

तेव्हा घर तापवणाऱ्या यंत्रणेची दुरुस्ती कोण करतो, तो माणूस कुठे सापडतो, या प्रश्नांचा इतिहास पिरियापट्टणात शोधायचा तर तो या बॅरनच्या भट्टीपाशीच शोधावा लागतो.

तंबाखू येण्याआधी पिरियापट्टणची ओळख सीमेवरचे गाव अशी होती. पश्चिमेला कोडगूचे राजे, पूर्वेला म्हैसूर आणि मधे पिरियापट्टणचा किल्ला. दोन्हीकडच्या फौजांचा मारा त्याने आळीपाळीने सोसला आणि आज त्याचे अवशेषच उरले आहेत. व्हर्जिनिया तंबाखू म्हैसूर संस्थानात आला तो 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात, सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना. साबणापासून चिनी मातीच्या भांड्यांपर्यंत काय वाटेल ते संस्थानात तयार झाले पाहिजे, अशी त्या काळाची हवा होती. हुणसूर-पिरियापट्टणची हलकी तांबूस जमीन आणि वेळेवर येणारा पाऊस या पानाला मानवला. व्यापारात या मालाला आजही ‘कर्नाटक लाइट सॉइल’ याच नावाने ओळखतात.

पण पीक आले म्हणजे नुसते बी आले असे नव्हे. या पानाबरोबर त्याचे घरही आणावे लागले, आणि त्या घराची कुळकथा पार अमेरिकेत जाते. 1839 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल परगण्यात अबिशा स्लेड याच्या शेतावर स्टीफन नावाचा एक गुलाम तंबाखूच्या कोठारातला विस्तव राखत होता. रात्री त्याला डुलकी लागली. जागा झाला तेव्हा विस्तव विझत आलेला. घाईने त्याने लोहारकामाचा लोणारी कोळसा आणून टाकला. कोळशाची कोरडी, प्रखर धग लागली आणि पान काळपट होण्याऐवजी पिवळेधमक निघाले. त्या रंगाला बाजारात मोल आले. ते मालकाच्या पदरात पडले, हे वेगळे सांगायला नको. पुढे उघडा विस्तव जाऊन भट्टी बाहेर गेली. आत फक्त लोखंडी नळ्या राहिल्या, म्हणजे उष्णता पानाला मिळावी आणि धूर मात्र पानाला न शिवता धुराड्यातून निघून जावा. नळीतल्या उष्णतेने पान वाळवण्याची ही रीत सिगारेटच्या धंद्याचा पाया ठरली. इंडियन लीफ टोबॅको डेव्हलपमेंट ही कंपनी 1912 मध्ये स्थापन झाली आणि 1920 च्या दशकात आंध्रातल्या गुंटूर भागात ही रीत रुजली. तिथून ती पुढे म्हैसुरात पोचली.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर तंबाखू म्हटले की निपाणी येते. निपाणीच्या बिडीच्या तंबाखूला यातले काही लागत नाही. पान कापावे, जमिनीवर पसरावे, उन्हात वाळवावे. भट्टी सूर्याची, ती बिघडत नाही आणि तिला सरपणही लागत नाही. फार तर अवकाळी पाऊस घात करतो. निपाणीच्या शेतकऱ्याचे दुखणे होते ते भावाचे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मार्च 1981 मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग रोखला तो त्यासाठीच. 6 एप्रिलच्या गोळीबारात तिथे बारा शेतकरी मारले गेले. पिरियापट्टणच्या शेतकऱ्याला भावाची चिंता होतीच, शिवाय उरावर एक भट्टीही होती.

उन्हात वाळवायचा मार्ग इथे बंदच होता. मे-जूनमध्ये लावणी आणि जुलैपासून पानतोड, म्हणजे पान तयार होते ते नेमके पावसाळ्यात. पाने बांबूच्या काठ्यांवर ओवायची, बॅरनमध्ये तळापासून छतापर्यंत थरांनी टांगायची आणि दार लावून भट्टी पेटवायची. पुढचे पाच ते सात दिवस ती विझू द्यायची नाही. पहिला टप्पा 32 ते 38 अंश सेल्सियसचा. या वेळी पान अजून जिवंत असते, त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि हिरवा रंग जाऊन पिवळा चढतो. मग उष्णता हळूहळू वाढवत 50 अंशांच्या आसपास रंग पक्का करायचा, त्यापुढे पात वाळवायची आणि शेवटी 70 अंशांच्या घरात नेऊन मधला जाड देठ वाळवायचा. हिरव्या पानात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते. एक किलो तयार पानामागे सुमारे पाच किलो पाणी वाफ होऊन बाहेर जावे लागते, आणि ते जाते खालच्या व वरच्या झडपांतून.

कौशल्य खरे या झडपांचेच. रंग चढण्याआधी धग वाढली तर पान हिरवेच वाळते आणि त्याला कोणी विचारत नाही. रंग चढून गेल्यावरही दमट हवा आत कोंडून राहिली तर तेच पान तपकिरी होते. म्हणून रात्री-अपरात्री उठून भिंतीतल्या काचेतून थर्मामीटर बघणारा कोणीतरी घरोघरी असतो. इकडे झडप बोटभर उघड, तिकडे एक ओंडका मागे ओढ, हे त्याचे रात्रभराचे काम. वातानुकूलनाचे शास्त्र म्हणजे तरी काय, तापमान, ओल आणि हवेचा प्रवाह या तिन्हींवरचा ताबा. अमेरिकन अभियंता विलिस कॅरियरने 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी त्या ताब्याचे यंत्र आखले तेही माणसांच्या सुखासाठी नव्हतेच. ओलीने कागद आकसत-फुगत होता आणि रंग सरकत होते, एवढ्यासाठी होते.

आता दुरुस्तीकडे. बॅरनचे दुखणे बहुधा नळ्यांचे. पातळ लोखंडी पत्र्याच्या या नळ्या भट्टीपासून निघून जमिनीलगत खोलीभर वळसा घेतात आणि धुराड्याला मिळतात. हंगामात त्या भट्टीच्या तोंडाशी लाल होतात, आणि हंगाम संपला की ओलीत पडून गंजतात. लाकडाच्या धुरातला आम्ल अंश आतून पोखरतो तो वेगळाच. तुकडे एकमेकांत बसवून सांधे मातीने लिंपलेले असतात आणि तापण्या-निवण्यात ती माती तडकते. एवढ्याशा फटीतून धूर आत शिरला की पानाला वास लागतो आणि रंग मळतो. त्याहून वाईट म्हणजे तापलेल्या नळीवर वरून एखादे वाळलेले पान पडणे. शेवटच्या टप्प्यात सगळी खोली काडीसारखी कोरडी असते. एका पानाने पेट घेतला तर भरलेला माल, बांबू, छप्पर, सगळे तासाभरात जाते.

यावर इलाज करणारा कारागीर कुठल्या कंपनीच्या पगारावर नव्हता. भट्टीच्या विटा बसवणारा गवंडी गावातलाच, विहीर आणि घरे बांधणारा. नळी वळवणारा पत्र्याचा कारागीर तालुक्याच्या पेठेत. त्याच हातांना बादल्या, धान्याच्या कोठ्या आणि पन्हाळ्याही ठाऊक असत. भट्टीच्या तोंडाचे लोखंडी दार आणि जाळी लोहाराकडे. कारागीर शोधायचा म्हणजे शेजाऱ्याच्या बॅरनकडे बघायचे. गेल्या साली ज्याचे पान पिवळे निघाले त्याने नळी कोणाकडून करून घेतली, एवढे विचारले की झाले. सर्वांत स्वस्त तपासणीही तेव्हापासून तीच आहे: माल भरण्याआधी भट्टीत ओला पेंढा धुमसवायचा आणि आत उभे राहून धूर कुठून येतो ते पाहायचे. या कारागिरांची नोंद सरकारी कागदात कुठे सापडत नाही. तंबाखूच्या इतिहासात बियांच्या वाणांवर पानेच्या पाने आहेत आणि नळी वळवणाऱ्यावर ओळ नाही, हे त्या इतिहासाचे मोठेच उणे म्हटले पाहिजे.

कागदावर आला तो बॅरन. 1975 च्या कायद्याने तंबाखू मंडळ स्थापन झाले. 1 जानेवारी 1976 पासून गुंटूरहून त्याचा कारभार सुरू झाला आणि व्हर्जिनिया पिकवणारा शेतकरी व त्याचा बॅरन हे दोघेही नोंदणीच्या कक्षेत आले. बिडीचा तंबाखू मात्र या चौकटीबाहेरच राहिला. 1984 मध्ये मंडळाने कर्नाटकात लिलाव सुरू केले. पिरियापट्टण आणि त्याच तालुक्यातले कंपलापुरा ही दोन्ही लिलावाची ठिकाणे. लिलावाने दुरुस्तीला एक रोकडी किंमत आणली. उजळ, मध्यम आणि हलका अशी प्रत लागते आणि प्रत ठरते मुख्यतः रंगावर. जुलैत न बदललेल्या नळीचा हिशेब दोन-तीन महिन्यांनी गठ्ठ्यावरच्या बोलीत कळतो.

इकडे गंजक्या नळ्यांशी झटापट चालू असताना अमेरिकेत त्या नळ्याच टाकून दिल्या गेल्या होत्या. 1960 च्या दशकात तिथे यंत्राने हवा फिरवणारे बंदिस्त पत्र्याचे बॅरन आले, आणि 1970 च्या दशकापासून एलपी गॅसची ज्योत थेट आतल्या हवेत सोडण्याची पद्धत रूढ झाली. काम सोपे, इंधन कमी. पुढे लक्षात आले की ज्वलनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पानाशी मिळून नायट्रोसामाइन हे कर्करोगकारक पदार्थ वाढवतात. मग 2000-2001 च्या सुमारास सिगारेट कंपन्यांनी अट घातली आणि हजारो बॅरनमध्ये उष्णता आत, धूर बाहेर ठेवणारे यंत्र नव्याने बसवावे लागले. पिरियापट्टणच्या पत्रेवाल्याची नळी नेमके तेच काम करत आली होती. अर्थात त्याने तंबाखू निरुपद्रवी होत नाही. सिगारेटने माणसे मरतात ती धूरनळी उत्तम असली तरी.

खरी किंमत मोजली ती रानाने. एक किलो पान तयार करायला साधारण चार ते पाच किलो लाकूड जळते. अलीकडच्या काही हंगामांत मंडळाने कर्नाटकासाठी ठरवून दिलेले उत्पादन दहा कोटी किलोच्या घरात आहे. म्हणजे हंगामाला चार-पाच लाख टन सरपण. तालुक्याच्या शेजारी नागरहोळेचे जंगल आहे, त्यामुळे हा हिशेब नुसता कागदी राहत नाही. निलगिरी, सिल्व्हर ओक, सुरू यांची लागवड वाढली ती यासाठीही. कोडगू शेजारी असल्याने कॉफीची टरफलेही भट्टीत जाऊ लागली. तंबाखूच्या सरकारी संशोधन संस्थेचे केंद्र हुणसूरला आहे. तिथून आणि मंडळाकडून सुधारणांचा आग्रह होत राहिला. भट्टीचा घाट बदला, छताला पेंढ्याचे आच्छादन द्या, वर वाऱ्याने फिरणारी झडप बसवा. यातले छताचे आच्छादन सर्वांत साधे आणि सर्वांत गुणाचे, कारण बरीचशी उष्णता पळते ती वरूनच. हवा फिरवणाऱ्या पंख्याची गोष्ट वेगळी. तो विजेवर चालणार, आणि वीज जाते ती नेमकी मध्यरात्री, भट्टी ऐन भरात असताना.

घर तापवण्याची सवय घेऊन आलेली माणसेही याच तालुक्यात आहेत, बैलकुप्पेला. 1960-61 मध्ये म्हैसूर राज्याने दिलेल्या जंगलजमिनीवर तिबेटी निर्वासितांची वसाहत तिथे उभी राहिली. ज्यांना जन्मभर चुलीभोवती बसून थंडी काढायची सवय होती, त्यांना इथे उष्म्याशी जुळवून घ्यावे लागले. त्यांच्या शेतांत मुख्यतः मका आला.

तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराला भारताने 2004 मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून हे पीक कमी करावे असे सरकार म्हणते, आणि भाव चढला की लागवड वाढते. नोंदणी नसलेले शेतकरीही व्हर्जिनिया पिकवतात. मग ठरल्यापेक्षा जास्त झालेला आणि विनानोंदणीचा माल लिलावात विकू द्यावा म्हणून केंद्राकडे धाव घेतली जाते. 2024-25 च्या हंगामात कर्नाटकाला तशी परवानगी मिळाली. 2025 मध्ये तर नोंदणी आणि परवान्याची मुदत एका वर्षावरून तीन वर्षांवर नेण्यात आली, म्हणजे दरसालचा एक हेलपाटा वाचला. नळ्या मात्र दर पावसाळ्याआधी उतरवून पाहाव्याच लागतात, आणि त्यासाठी लावणीच्या गडबडीतच पत्र्याच्या दुकानात जाऊन नंबर लावावा लागतो.